घर लहान, भिंती मोठ्या : रंगाचा हिशेब कसा मांडावा

घर रंगवायला किती रंग लागेल, या प्रश्नाचे मुंबईत सर्वाधिक प्रचलित असलेले उत्तर जमिनीकडे पाहून दिले जाते. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतल्या बाजूने मोजलेली वापराची जमीन, साडेतीनने गुणली की भिंती आणि छत मिळून रंगवायचे क्षेत्रफळ हाती येते, असा हा ठोकताळा असून रंगारी, ठेकेदार आणि दुकानदार हे तिघेही तो निःशंकपणे वापरतात. मध्यम आकाराच्या सदनिकेत तो फारसा चुकत नाही आणि म्हणूनच तो टिकून राहिला आहे. परंतु कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या वस्तीत, जिथे घरे अरुंद असून वर चढलेली आहेत आणि समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तिथे हा ठोकताळा बहुधा गरजेपेक्षा कमी रंग सांगतो आणि तो तुटवडा काम निम्म्यावर आल्यावर उघड होतो.

या चुकीचे कारण भूमितीत आहे. खोली लहान होत गेली की जमीन झपाट्याने घटते, भिंती मात्र त्या मानाने सावकाश कमी होतात. २० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीच्या चार भिंती ८०० चौरस फूट आणि छत ४०० चौरस फूट भरते, म्हणजे रंगवायचे क्षेत्र जमिनीच्या तिप्पट होते. तीच उंची ठेवून खोली १० बाय १० फुटांची केली, तर भिंती ४०० आणि छत १०० चौरस फूट होऊन हे प्रमाण पाचपटीवर जाते. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांची खोली १६ बाय १० फुटांची आणि १० फूट उंचीची धरली, तर तिचे रंगवायचे क्षेत्र ६८० चौरस फूट, म्हणजे जमिनीच्या सव्वाचारपट भरते, तर ठोकताळा तिच्यासाठी ५६० चौरस फूटच सांगतो. याखेरीज घरात घातलेली प्रत्येक आडभिंत जमीन जराही न वाढवता आपल्या दोन्ही अंगांनी रंग मागते, आणि लहान घरातच आडभिंतींची गरज अधिक असते. जमिनीवरून भिंतीचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यामुळे ज्यांना रंगाचा खर्च सर्वांत जड जातो, त्यांच्याच घरात सर्वांत जास्त फसते.

म्हणून मोजणी भिंतींचीच करावी लागते, आणि ती करायला मोजपट्टी, कागद व अर्धा तास एवढे पुरे होते. खोलीची आतली परिमिती, म्हणजे चारही भिंतींच्या लांबीची बेरीज, उंचीने गुणली की भिंतींचे ढोबळ क्षेत्रफळ मिळते. उंची एकाच कोपऱ्यात न मोजता दोन-तीन ठिकाणी मोजावी, कारण टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या घरात जमीन आणि छत समांतर असतीलच असे नाही. वरच्या मजल्यावर दोन्हीकडे उताराचे पत्र्याचे छप्पर असेल, तर ज्या भिंतींचा माथा त्रिकोणी असतो त्यांची उंची कडेची आणि मधली यांची सरासरी काढून धरावी. मुंबईचा रंगारी चौरस फुटांत बोलतो आणि डब्यावरील माहिती पुष्कळदा चौरस मीटरमध्ये असते, त्यामुळे १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट हे रूपांतर कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवणे सोयीचे ठरते.

या ढोबळ आकड्यातून दारे-खिडक्या वजा करताना एक सूक्ष्म अडचण येते. दाराच्या जागी भिंत नसते हे खरे, पण भिंतीच्या जाडीमुळे चौकटीच्या आतल्या बाजूंना जे गाल तयार होतात, तेही रंगवावे लागतात. बांधकामाच्या मोजमापाचे भारतीय मानक १२०० या अडचणीतून व्यवहार्य मार्ग काढते : अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांपर्यंतचे, झरोके वजाच करायचे नाहीत, त्याहून मोठ्या आणि ३ चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण ३२ चौरस फुटांपर्यंतच्या, दारे-खिडक्यांसाठी भिंतीच्या दोन्ही अंगांना एकच लेप असेल तर एकाच अंगातून वजावट करायची, आणि आत एक व बाहेर दुसरा लेप असून दोन्हीकडचे गाल सारखे असतील तर प्रत्येक अंगातून निम्मी वजावट करायची. घरगुती कामात दारे-खिडक्या बहुधा याच मापाच्या असल्याने हा निम्म्याचा नियम तेवढा लक्षात ठेवला तरी भागते. स्वयंपाकघरातील ओट्यामागच्या टाइल्स मात्र पूर्ण वजा कराव्यात. कपाटामागची भिंत वजा करण्याचा मोह टाळलेला बरा. कपाट हलते, भिंत हलत नाही.

उदाहरणादाखल मच्छीमार नगरात शोभेल असे तळमजला आणि वरचा मजला असलेले, १५ फूट लांब आणि १० फूट रुंद घर घेता येईल. तळमजल्याची उंची ९ फूट असून एका आडभिंतीने पुढची खोली व मागचे स्वयंपाकघर वेगळे झाले आहे. वर कडेला ७ आणि मध्ये ९ फूट उंचीचे पत्र्याचे छप्पर असून तिथेही एक आडभिंत आहे. भिंतींची जाडी सोपेपणासाठी सोडून दिली, तर तळमजल्याच्या चार भिंती ४५० चौरस फूट होतात. त्यातून २१ चौरस फुटांच्या दाराचे निम्मे, १२ चौरस फुटांच्या खिडकीचे निम्मे आणि टाइल्सचे ४० चौरस फूट गेले की ३९३.५ उरतात, आडभिंतीची दोन अंगे १८० चौरस फूट, त्यातून येण्याजाण्याच्या मोकळ्या जागेचे २१ एकदाच वजा करून १५९ मिळतात. वरच्या मजल्याच्या लांब भिंती २१० आणि त्रिकोणी माथ्याच्या दोन भिंती १६०, म्हणजे एकूण ३७० चौरस फूट. दोन खिडक्यांची निम्मी वजावट धरून ३५८, आणि आडभिंतीचे तशाच हिशेबाने १३९. या सर्वांची बेरीज १०४९.५ चौरस फूट होते. ठोकताळ्याप्रमाणे दोन्ही मजल्यांची ३०० चौरस फूट जमीन साडेतीनने गुणली तर १०५० येतात, म्हणजे ठोकताळ्याने सगळ्या घरासाठी दिलेले क्षेत्र एकट्या भिंतींनीच संपवले. तळमजल्याचे छत, जिन्याची पोकळी सोडून, १३२ चौरस फूट आणि पत्र्याची आतली बाजू हे दोन्ही अजून बाकी आहेत.

पत्र्याचे क्षेत्र काढताना दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. उतारामुळे पत्र्याची लांबी खालच्या रुंदीपेक्षा जास्त असते. ५ फूट आडवे आणि २ फूट उभे असे अंतर असेल तर काटकोन त्रिकोणाच्या नियमाने एका बाजूचा उतार सुमारे ५.४ फूट भरतो, आणि दोन्ही उतार १५ फूट लांबीने गुणले की १६२ चौरस फूट होतात. शिवाय पन्हाळी पत्र्याच्या लाटांमुळे प्रत्यक्ष पृष्ठभाग सपाट मापाहून मोठा असतो, आणि त्यासाठी सरकारी बांधकामात १.१४ हा गुणक वापरतात. त्यामुळे हे क्षेत्र सुमारे १८४ चौरस फुटांवर जाते. असेच गुणक दारांनाही असतात, कारण सपाट मापात कडा आणि खाचा येत नाहीत : सपाट फ्लश दाराच्या प्रत्येक अंगासाठी १.२ आणि दिलेदार दारासाठी १.३, तर खिडकीच्या लोखंडी जाळीचे सपाट माप एकदाच धरले की तिच्या सर्व बाजू त्यात आल्या असे मानतात. या घराचे एक फ्लश दार आणि तीन जाळ्या मिळून त्यामुळे ८६ चौरस फूट होतात.

क्षेत्रफळ हाती आल्यावर प्रश्न उरतो तो एका लिटरमध्ये किती भिंत झाकली जाते याचा. याला रंगाची व्याप्ती म्हणतात, आणि डब्यावर छापलेला व्याप्तीचा आकडा कुठून येतो हे समजून घेतले तर त्यावर किती विसंबावे हेही कळते. एक लिटर द्रव एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या, जाडीने पसरला तर तो १००० चौरस मीटर व्यापतो. रंगातील पाणी उडून जाते आणि भिंतीवर फक्त घनभाग, म्हणजे रंगद्रव्य, भरणद्रव्य व त्यांना धरून ठेवणारी राळ, मागे राहतो. घनभाग आकारमानाने ३६ टक्के असेल आणि दोन हातांनंतर कोरडा थर एकूण ३० मायक्रॉनचा हवा असेल, तर एका लिटरची तात्त्विक व्याप्ती १२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १२९ चौरस फूट निघते. रोलरमध्ये मुरणारा, बादलीला चिकटणारा, जमिनीवर गळणारा आणि भिंतीच्या खडबडीतपणात जिरणारा रंग १५ टक्के धरला, तर व्यवहारात ११० चौरस फूट हाती लागतात. डब्यावरचा आकडा गुळगुळीत, पुट्टी भरलेल्या, प्रायमर दिलेल्या भिंतीवरचा असतो, आणि अनेकदा तो एकाच हाताचा असतो. एका हाताचा की दोन हातांचा, हे वाचल्याशिवाय भागाकार करू नये, कारण हिशेब दुपटीने चुकण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

इथेच पाण्याचा मुद्दा येतो. पाण्यावर आधारलेला रंग, ज्याला इमल्शन म्हणतात, लावण्यापूर्वी त्यात उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात पाणी घालावेच लागते. परंतु व्याप्तीचा आकडा पाणी घालण्यापूर्वीच्या रंगाचा असतो. जास्त पाणी घालून रंग पुरवला, तर घनभाग तेवढाच राहून अधिक जागेवर पातळ पसरतो, थर अपुरा होतो, जुना रंग खालून डोकावतो आणि तिसरा हात द्यावा लागतो. वाचवलेला रंग असा तिसऱ्या हातात परत जातो, वर मजुरी पडते ती वेगळीच.

वरील घरासाठी ११० चौरस फुटांची व्याप्ती धरली, तर भिंतींच्या दोन हातांना ९.५ लिटर आणि छताला १.२ लिटर इमल्शन लागते. नंतरच्या डागडुजीसाठी दहा टक्के वाढवून ते अनुक्रमे १०.५ आणि १.३ लिटर धरावे. गडद भिंतीवर फिकट छटा द्यायची असेल, किंवा लाल-पिवळ्यासारख्या कमी झाकणाऱ्या छटा निवडल्या असतील, तर तिसरा हात गृहीत धरून हे आकडे दीडपट करावेत. प्रायमर, म्हणजे भिंतीची शोषण्याची ओढ कमी करून रंगाला पकड देणारा पहिला लेप, एका हातासाठी लिटरमागे १०० ते १३० चौरस फूट जातो, त्यामुळे या घराला तो सुमारे १० लिटर लागेल. जुने थर पूर्ण खरवडून नव्याने पुट्टी भरायची असेल, तर दोन थरांसाठी किलोमागे १० ते १५ चौरस फूट हे प्रमाण धरून जवळजवळ १०० किलो पुट्टी लागते. जुनी पुट्टी घट्ट असेल आणि फक्त खड्डे बुजवायचे असतील, तर याचा अगदी थोडा भाग पुरतो. दार, जाळ्या आणि पत्रा यांना लागणारा ऑइल पेंट दोन हातांसाठी लिटरमागे ७० चौरस फूट या सावध हिशेबाने ३.९ लिटर, आणि दहा टक्के वाढीसह सव्वाचार लिटर भरतो. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर साध्या लोखंडाचा प्रायमर त्यावर नीट धरत नाही. जस्तावर पकड घेणारा वेगळा प्रायमर आधी द्यावा लागतो आणि तोही हिशेबात धरावा लागतो.

बाहेरच्या भिंतींचा हिशेब निराळा असतो. दाटीच्या वस्तीत बाजूच्या भिंती शेजारच्या घराला लागून असल्याने रंगवायच्या उरतात त्या पुढच्या आणि मागच्या, आणि या घरात त्या, दोन्ही मजल्यांची उंची व स्लॅबची जाडी मिळून सरासरी साडेसतरा फूट धरून, वजावटीनंतर ३२१ चौरस फूट होतात. परंतु बाहेरचा गिलावा खडबडीत असतो आणि पावसाला तोंड देणारा थर जाड हवा असतो, म्हणून बाहेरच्या इमल्शनची व्याप्ती दोन हातांसाठी लिटरमागे ४० ते ६० चौरस फूटच धरतात. मधला आकडा घेतला तर साडेसहा लिटर, आणि वाढीसह सात लिटर लागतात. आतल्या भिंतींच्या एकतृतीयांशाहूनही कमी क्षेत्राला त्यांच्या दोनतृतीयांश रंग.

समुद्रकाठी या सर्व आकड्यांवर मिठाची छाया असते. हवेतून येणारे क्षार भिंतीवर बसतात, आणि साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता ही मर्यादा सहज ओलांडते, म्हणून कुठेही गळती नसतानाही अशी भिंत ओलसर लागते. दुसरीकडे जमिनीतून वर चढणारी ओल स्वतःबरोबर क्षार आणते, पाणी उडाल्यावर ते गिलाव्याच्या पृष्ठभागापाशी स्फटिकरूपात जमतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. या दोन दुखण्यांवरचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. बाहेरून बसलेले मीठ गोड्या पाण्याने धुऊन भिंत पूर्ण वाळू द्यावी, तर आतून फुटलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा, कारण पाणी मारले की क्षार विरघळून पुन्हा गिलाव्यात शिरतात. ओलीचा उगम बंद होईपर्यंत त्या भिंतीचा रंग खरेदीच्या यादीत धरूच नये. शंका असल्यास दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीतूनच येत आहे असे समजावे. भिंतीवर तळहात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर ती भिंत रंग शोषून घेणार आणि व्याप्ती खालच्या टोकाला जाणार हेही निश्चित.

कामाची वेळ हाही हिशेबाचाच भाग आहे. पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असल्याने यांत्रिक नौकांवरच्या माणसांना घरी उसंत मिळते ती नेमकी भर पावसात. कुलाब्याला वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात बाहेरच्या भिंतीला हात लावू नये, आणि आतले काम काढलेच तर दोन हातांमधला डब्यावर सांगितलेला वेळ भरपूर वाढवावा. नवा गिलावा केला असेल तर रंगापूर्वी त्याला किमान २८ दिवस द्यावेत, कारण ताज्या सिमेंटचा अल्क रंगातील राळेला बाधतो. मोजणी आणि खरवडणे बंदीच्या काळात उरकून खरेदी व रंगकाम पाऊस ओसरल्यावर, दिवाळीपूर्वी करणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा क्रम ठरतो.

नारळी पौर्णिमेपूर्वी नौका रंगवल्या जातात आणि त्यातला उरलेला रंग घराकडे वळवण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. नौकेच्या वरच्या भागाचा साधा ऑइल पेंट बाहेरच्या दाराला चालून जाईल, पण पाण्याखालच्या तळाला लावायचा रंग घरात मुळीच आणू नये. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून त्यात तांब्याची संयुगे किंवा अन्य जीवनाशके घातलेली असतात. यांतील कथिलाची सेंद्रिय संयुगे तर इतकी घातक ठरली की त्यांवर २००८ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली. भिंतीवरच्या जुन्या थरांबाबतही अशीच सावधगिरी हवी. भारतात घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा कमी ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः दारे-खिडक्यांच्या ऑइल पेंटमध्ये, शिसे असू शकते. असे थर कोरडे न घासता पाणी मारून घासावेत, आणि लहान मुले व गरोदर स्त्रियांना त्या वेळी घराबाहेर ठेवावे.

खरेदीच्या वेळी लिटरचे आकडे डब्यांत बसवावे लागतात. इमल्शन साधारणतः १, ४, १० आणि २० लिटरच्या डब्यांत मिळते आणि मोठ्या डब्यात लिटरचा भाव कमी पडतो, तरीही १०.५ लिटरसाठी २० लिटरचा डबा उचलण्यात काही अर्थ नाही, १० लिटरचा एक आणि १ लिटरचा एक घेतल्याने काम होते. यंत्रावर छटा मिसळून घ्यायची असेल, तर डबा रंगद्रव्याला जागा राहावी म्हणून थोडा कमी भरलेला असतो, तेव्हा झाकणावरचे निव्वळ माप पाहावे. एकाच छटेचे डबे वेगवेगळ्या दिवशी मिसळले तर त्यांत सूक्ष्म फरक पडू शकतो; म्हणून सगळे डबे एकदम घ्यावेत, बॅच क्रमांक जुळतो का ते पाहावे, आणि काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही डब्यांतील रंग एका मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावा. मिसळलेली छटा दुकानदार सहसा परत घेत नाही, तर पांढरा रंग, प्रायमर आणि पुट्टीच्या न फोडलेल्या पिशव्या घेण्याची शक्यता असते, त्यामुळे हात सैल सोडायचा तो या दुसऱ्या गटात. मजुरी ठरवताना ठेकेदाराच्या आकड्याशेजारी स्वतः काढलेला चौरस फुटांचा आकडा भिंतीनिहाय मांडून ठेवावा. तफावत निघाली की वाद नेमका कोणत्या भिंतीचा आहे, एवढे तरी स्पष्ट होते.

उरलेला रंग अर्ध्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवला तर खाऱ्या हवेने झाकण गंजते आणि गंजाचे कण रंगात पडतात. त्याऐवजी तो गाळून, काठोकाठ भरेल अशा प्लास्टिकच्या बरणीत ओतावा, बाहेर छटेचा क्रमांक, बॅच, तारीख आणि कोणत्या खोलीचा तो आहे हे लिहावे, आणि ती बरणी पत्र्याखालच्या तापत्या माळ्यावर न ठेवता तळमजल्यावरच्या सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी.